न दिसणारा जाळ

मंदाकिनीबाईंचा जन्म भवानीपुरातला, संसारही तिथेच. एका मुलींच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवत. आम्लांना, स्फोटांना त्या कधी भ्यायल्या नाहीत. त्यांचा जीव टांगणीला लागे तो मनोहरपायी. एकुलता एक मुलगा, आणि सदा मोटारीच्या पोटात शिरलेला.

चौपन्न सालच्या हिवाळ्यात त्याने मित्राच्या, जयप्रकाशच्या, शर्यतीच्या गाडीसाठी पेट्रोलऐवजी मिथेनॉल आणलं.

"इंजिन थंड राहतं, आई. गाडी नुसती उडते!"

"आणि पेट्रोलच्या दुप्पट पिते. ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकतं ते."

"म्हणून तर शर्यत संपली की सगळं पेट्रोलने धुतो."

"मन्या, उन्हात त्याचा जाळ दिसत नाही रे."

"दिसत नाही, त्याला काय भ्यायचं!"

शर्यतीच्या सकाळी त्याने दृष्टही काढू दिली नाही. मित्र हसतात म्हणे. मीठ-मोहरीची पुरचुंडी पदराला बांधून मंदाकिनीबाई शर्यतीच्या जागी, बराकपूरच्या विमानांच्या धावपट्टीवर पोचल्या.

माघाचं ऊन मधासारखं पसरलं होतं. दूरवर मृगजळ हलत होतं आणि गाड्या त्यातून तरंगत आल्यासारख्या येत होत्या. जयप्रकाशची गाडी इंधनाला थांबली. मनोहरने घाईने डबा ओतला, थोडं बाहीवर सांडलं, थोडं तापल्या नळीवर. मग त्याच्याभोवतीची हवा थरथरली. जणू मुलगा वाहत्या पाण्याआड उभा आहे. किती सुंदर, मंदाकिनीबाईंना वाटलं. मृगजळ इथवर आलं!

एकाएकी मनोहर हात झटकत नाचू लागला.

"मनोहरदा, आधी जिंकू तर दे!" गाडीतून जयप्रकाश ओरडला. सगळे खदखदून हसले.

धूर नव्हता, ज्वाळा नव्हती. पण मृगजळ कधी माणसाच्या बाहीला चिकटत नाही. मंदाकिनीबाई धावल्या. पुरचुंडी सोडून मूठभर मीठ-मोहरी त्यांनी त्या थरथरत्या हवेत भिरकावली. मोहरी तडतडली, आणि मिठाने पिवळाधमक जाळ डोळ्यांसमोर उभा केला, मनगटापासून खांद्यापर्यंत.

हसू जागीच विरलं. "पाणी! पाणी ओता!" बादल्यांवर बादल्या पडल्या आणि जाळ विझला.

हात भाजला, जीव वाचला.

पुढच्या शर्यतीला, हाताला पट्टी बांधलेला मनोहर सगळ्यांदेखत आईसमोर मांडी घालून बसला.

"काढ दृष्ट. पण बादली जवळ असू दे."

मंदाकिनीबाईंनी तीनदा ओवाळलं. एरवी मीठ-मोहरी विस्तवात टाकतात. त्यांनी ती पुन्हा पदराला बांधली, आणि शर्यत संपेपर्यंत गाठ मुठीतून सोडली नाही.