आचरेकरांचं ‘येतो’

निशिकांत आचरेकर घराबाहेर पडताना कधी ‘जातो’ म्हणाला नाही. आपल्यात कुणीच म्हणत नाही. पण अठरा वर्षं बोटीवर इंजिनियर म्हणून काढलेल्या माणसाच्या तोंडी ‘येतो’ला जरा जास्त वजन असतं. सहा महिन्यांसाठी जायचा, दारात ‘येतो’ म्हणायचा आणि ठरल्या तारखेला यायचा. तिकडे पुण्यात त्याची बायको सुचित्रा शाळेत गणित शिकवायची, मुलीला, इराला, वाढवायची आणि कॅलेंडरवरच्या तारखा खोडत बसायची.

नऊ वर्षांपूर्वी त्याला इथे सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. रोज संध्याकाळी घरी येता येईल अशी. सुचित्रानं हौसेनं शाळा सोडली आणि तिघं बुकित पंजांगला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मी अरुणा. दोघांपेक्षा वयानं मोठी म्हणून ताई, आणि जीभ जरा तिखट म्हणून माझ्याशी सगळे सांभाळून बोलतात.

निशिकांत बोलका असा नव्हताच. गणपतीला आमची मराठी मंडळी जमली की हा प्रसादाची वाटी घेऊन पंख्याखाली उभा. इंजिनरूमच्या आवाजात राहून बोलायची सवय मोडली, म्हणायचा. रविवारी मात्र नवराबायको ईस्ट कोस्टला फिरायला जायची. समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दाखवून तो तिला कुठलं तेलाचं, कुठलं धान्याचं ते सांगायचा. तेवढंच बोलणं, पण होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला इरानं त्याला डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआर हेडसेट दिला. “पा, शुगर बघ तुझी. यू मस्ट मूव्ह, लाह!” इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली आणि आठवड्याभरात युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर राहायला गेली. आत टेबल टेनिस होतं. बोटीवर तो बरं खेळायचा. पहिल्या दिवशी त्यानं हवेत फटका मारताना देव्हाऱ्यातली समई पाडली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले, उगाच आता साळसूदपणा कशाला.

मग त्याला आत मित्र मिळाले. मनिलाचा एक निवृत्त बोटवाला, पोलंडची एक दातांची डॉक्टर, चिलीचा कुणी क्रेन चालवणारा. खेळ झाला की ही मंडळी तिथल्याच एका खोट्या बंदराच्या धक्क्यावर गप्पा मारत बसायची. आमच्या गणपतीत मुका असलेला माणूस तिथे खो खो हसायचा. सुचित्रा मला म्हणाली, “पंचवीस वर्षांत ह्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं, ताई. आणि हसतात ते भिंतीकडे तोंड करून.”

त्यानं त्या लोकांना ‘येतो’ शिकवलं होतं. आपल्यात जातो म्हणत नाहीत, हे इंग्रजीतून समजावलं होतं. निघताना सगळे म्हणायचे ‘येतो’, हा म्हणायचा ‘या, या’. मग ह्याची पाळी यायची. बाहेर स्वयंपाकघरात सुचित्राला ऐकू यायचं, “येतो, येतो!” तिला वाटायचं, जेवायला येतायत. ती ताट वाढायची. भातावर वरण घातलेलं असायचं आणि तो त्या खेळातल्याच एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत नवा डाव मांडून बसलेला. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एके दिवशी तिनं वाढायचं थांबवलं. भांडण नाही, आदळआपट नाही. झाकून ठेवायची आणि आपलं जेवून घ्यायची. ईस्ट कोस्टला ती दोनदा एकटी गेली, मग तेही बंद झालं.

मला राहवलं नाही. एका संध्याकाळी जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानं तो डबा डोळ्यांवरून काढला, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ होता. “ताई, तिथे मला बोलता येतं,” म्हणाला. एवढंच. माझा राग तिथल्या तिथे विझला आणि त्याची कीव आली. कीव आल्यावर भांडता येत नाही, हा माझा दोष.

मे महिन्यात सुचित्राच्या जुन्या शाळेतून फोन आला. गणिताची जागा रिकामी होतेय, येता का? तिनं त्याला समोर बसवून सांगितलं. “शनिवार, सहा जूनचं तिकीट काढलंय. एकाच बाजूचं. तुम्ही थांब म्हणालात तर रद्द करते.”

“बोलू या,” तो म्हणाला.

तीन आठवडे होते. ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं. सेरंगून रोडवरून मोठी बॅग आणायला मीच तिच्याबरोबर गेले. तिनं चाकं फिरवून बघितली, कुलूप लावून बघितलं. “काही बोलला का?” मी विचारलं. “नाही,” म्हणाली, जसं कुणी दूध संपलंय का विचारल्यावर म्हणावं. तिला रडू येत नव्हतं. मलाच येत होतं.

शनिवारी दुपारी टॅक्सी खाली आली. मी विमानतळापर्यंत जाणार होते. निशिकांत बैठकीच्या खोलीत मधोमध उभा, डोळ्यांवर ते, कानांवरही ते, हात हवेत. त्यांची कसली स्पर्धा होती. सुचित्रा चपला घालून दारात उभी राहिली. मला वाटतं, ती मनात आकडे मोजत असावी. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, “जाते मी.”

“अगं, येते म्हण,” मी म्हटलं.

आतून त्याचा आवाज आला, “येतो, येतो. पाचच मिनिटं!” तो तिला म्हणाला की त्या पोलंडच्या बाईला, हे मला आजही माहीत नाही. सुचित्रानं दार हळूच ओढून घेतलं.

विमानतळावरून परतल्यावर त्याच्यासाठी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. तो डायनिंग टेबलाशी बसला होता. हेडसेट समोर पडलेला, त्यावरचा बारीक दिवा लुकलुकत होता.

“ताई,” त्यानं विचारलं, “जाताना ती काय म्हणाली?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिनं इतक्या स्पष्टपणे उच्चारलेला शब्द मी कोण बदलणार?

“जाते म्हणाली.”



“नाही,” तो म्हणाला. “येते म्हणाली असेल. तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल.”

मी वाद घातला नाही. डबा त्याच्यापुढे सरकवला आणि निघाले. माझ्या दारापाशी आल्यावर लक्षात आलं, ‘येते’ म्हणायचं माझंही राहून गेलं होतं.