एकट्या माणसासाठी खोली

बायको पंचकात गेली. गुरुजींनी पंचांग पाहून घर तीन महिने बंद ठेवायला सांगितलं, आणि घर आमचं नव्हतं. तेरावं उरकल्यावर घरमालक जिन्यातच म्हणाले, "सर, निघा म्हणायला जीभ रेटत नाही. पण खाली आमचीही लेकरंबाळं आहेत." मी मान हलवली. वरच्या त्या दोन खोल्यांत आमचा सगळा संसार झाला होता, पण वाद घालायला माझ्याजवळ पंचांगाइतकं ठाम काही नव्हतं.

मला परभणीच्या बाजारपेठेतच खोली हवी होती. वाचनालयातली नोकरी जवळ पडते, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे भाजीवाल्या, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, सगळीकडे तिला ओळखणारी माणसं होती. लांबच्या कॉलनीत तिच्याविषयी कुणी एक शब्द काढला नसता. पण भर पेठेतलं भाडं माझ्या पगारात बसेना, आणि बसलं तिथे दार उघडेना.

"किती माणसं?"

"एकटाच."

"एकट्याला नाही देत. फॅमिली पाहिजे."

एजंटाने स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मजल्यावर एक कॉट दाखवली. मी दारातूनच फिरलो, तसा तो हसला. "काय करता सर, आता तुमी बॅचलरच की! न्हाईतर मानवतला बघा, स्वस्तात मिळंल. एसटीनं येत जा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. तरी तो शब्द दिवसभर टोचत राहिला. एका मित्राकडे पथारी टाकली होती, पण झोप लागत नसे. उजाडलं की पाट्या वाचत गल्ल्या फिरायचो. एकाच गल्लीत पुन्हा शिरलो हे कधी कधी अर्ध्यावर गेल्यावर कळायचं.

शेवटी शेळ्यांच्या बाजारामागे परवडेल अशी एक खोली निघाली. मालकीणबाई अंगणात शेळीला पाला घालत होत्या. जुनं घर का सोडलं, त्यांनी विचारलं. मी पंचकासकट सगळं सांगितलं आणि जायला वळलो.

"थांबा की. पंचक त्या घराला लागलं. तुमी काय संगं घेऊन आलात व्हय?" त्यांनी हात झटकले. "पर एक हाय. पयलं दूध उतू घालायचं. त्याबिगर मी खोलीत कुणाला ऱ्हाऊ देत न्हाई. घरात बाई न्हाई, तर तुमीच घाला."

दुसऱ्या दिवशी सामान आणलं आणि शेगडीवर दूध ठेवलं. बाई दारात उभ्या होत्या. दूध वर आलं, आणि माझा हात आपोआप बटणाकडे गेला. गॅस बंद. जुन्या घरी गच्चीत कपडे वाळत घालताना बायको "दुधाकडे लक्ष द्या" म्हणून ओरडायची आणि मी पुस्तक टाकून धावायचो, तसाच.

"अवो सर! जाऊ द्या की उतू! लय घाई तुमाला." बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "लावा परत."

परत लावलं. या वेळी दोन्ही हात पाठीमागे धरले. दूध चढलं, काठावर थबकलं आणि ओट्यावरून खाली आलं. खोलीभर करपट वास झाला.

बाईंनी किल्ली खिडकीत ठेवली आणि त्या शेळीकडे गेल्या. मी ओटा पुसायला फडकं शोधू लागलो. तीन खोकी उघडली. बांधाबांध माझीच होती, पण फडकी आमच्या घरात कुठे असत, हेच मला कधी माहीत नव्हतं. दूध फरशीवर पसरत होतं. मी चौथं खोकं ओढलं.