आईच्या जाड दांडीच्या कुड्या

टेमघरच्या संघरत्नाला मुलीच्या लग्नात आपल्या आईच्या कुड्या घालायच्या होत्या. पण जुन्या घडणीची दांडी जाड आणि कानाचं भोक बारीक. पहिल्यांदा तिने जोर लावला, तेव्हा कान टम्म सुजला. मग सूज पूर्ण उतरू दिली आणि घासून गुळगुळीत केलेली कडुनिंबाची काडी घातली. दोन महिन्यांनी किंचित जाड. दुखलं की पुन्हा बारीक काडी, हा नियम तिने दीड वर्ष मोडला नाही.

गोदामात सोबत काम करणारी मंदा चिडवायची, "कानात झाड लावलंस काय गं?"

"लग्नाला फुलेल," संघरत्ना म्हणायची.

लग्नाच्या सकाळी दोन्ही कुड्या अलगद आत गेल्या. मंदा बघतच राहिली.

"माझ्या सासूच्या पन पडून हायत," ती हळूच म्हणाली. "एक काडी दे की."