फेनाचं बक्षीस मी कसं घालवलं

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! वर्गात मी वर्षभरात जेवढं बोलले नसेन, तेवढं नुकसान एका दुपारी दोन वाक्यांत करून दाखवलं. चहा घ्या आधी. हसायचं असेल तर खुशाल हसा, मला अजून ते जमलेलं नाही.

आम्ही फेल्डहोवन नावाच्या डच गावात राहतो. बाबा चिप बनवायच्या मशीनच्या कंपनीत इंजिनिअर आहेत, आई घरून काम करते आणि मी शाळेत गप्प बसते. या कामात मी फारच हुशार आहे. तीन वर्षांत डबा खायला स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसलेली मुलगी एकच. फेना.

फेना गावातल्या क्लबात बेसबॉल खेळते. ती कॅचर आहे, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखी, फक्त चिलखत जास्त. तिच्यामागून मीही क्लबात गेले. पण चेंडू जवळ आला की मी डोळे मिटायचे. कोचने दोन आठवडे हे पाहिलं आणि माझ्या हातात स्कोअरबुक दिलं. कोपऱ्यात बसायचं, प्रत्येक चेंडूची नोंद करायची, बोलायचं काहीच नाही. असं सुख कुठे असतं का?

तर सप्टेंबरात आमच्या वयोगटाच्या विभागीय अजिंक्यपदाची फायनल आमच्याच मैदानावर होती. आणि पुढच्याच शनिवारी फेनाचं कुटुंब कायमचं ग्रोनिंगनला राहायला जाणार होतं. ट्रेनने तीन तास लांब. त्या आठवड्यात मला भूकसुद्धा नीट लागत नव्हती.

सामन्याआधी पायाला पॅड बांधता बांधता फेनाने विचारलं, "मिन, एमव्हीपी ठरवताना तुझंही मत असतं ना?" माझं नाव मृण्मयी. तिला तेवढंच झेपतं.

एमव्हीपी म्हणजे स्पर्धेतला सगळ्यात मोलाचा खेळाडू. दोन्ही संघांचे स्कोअरर आणि स्पर्धेची प्रमुख, असे तिघं मिळून तो ठरवतात.

"असतं," मी म्हणाले.

"मला तो कप हवाय. तिकडे मला कुणी ओळखत नाही. कप असला की मी कोण ते सांगत बसायला नको." मग हेल्मेट घालता घालता म्हणाली, "पण चांगली खेळले तरच हं. फुकटचा नको."

फेनाने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी एवढ्या जोरात मान हलवली की चष्मा खाली आला.

आणि खेळली हो! बेस चोरायला, म्हणजे गुपचूप पुढच्या बेसवर पळायला, निघालेल्या तिघांना तिने बसल्या जागेवरून चेंडू फेकून बाद केलं. दोनदा फटका मारून धावा आणल्या. तरी आम्ही एका धावेने हरलो. पाऊस बारीक पडत होता, मैदानाचा चिखल झाला होता आणि आमची मुलं त्यात हरल्यासारखीच उभी होती.

मला कँटीनच्या मागच्या खोलीत बोलावलं. तिथे स्पर्धेची प्रमुख आन्स बसली होती आणि समोरच्या संघाचे स्कोअरर कोर. कोर पंचाहत्तरीचे असतील. इथे सगळे त्यांना नुसतं 'कोर' म्हणतात. मी मनात कोरआजोबा म्हणत होते आणि तोंडाने काहीच नाही.

आन्सने बिस्किटांचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "नको." डबा बंद झाला. फटकन!

तिथेच मला कळायला हवं होतं की नाही? पण नाही कळलं.

"माझ्या मते ब्रॅम," आन्स म्हणाली. ब्रॅम म्हणजे जिंकलेल्या संघाचा पिचर, आपल्या बोलरसारखा. "कप त्यांनी नेला, तर एमव्हीपीही त्यांचाच."

"मला नाही पटत," कोरआजोबा म्हणाले. "ब्रॅम आमचाच, पण तो सहाव्या इनिंगपर्यंत दमला होता. आमची तीन मुलं कुणी बाद केली? त्या कॅचर पोरीने! हरलेल्या संघातली असली म्हणून काय झालं?"

"जिंकणाऱ्याला काही किंमत आहे की नाही, कोर?"

"आहे. त्यासाठी त्यांना मोठा कप दिलाय."

एकास एक! दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कोरआजोबा हसून म्हणाले, "काय गं, तुमची मुलगी जबरदस्त खेळली ना?"

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाचं कुणी तोंडावर कौतुक केलं तर आपण काय म्हणतो? 'हो, जबरदस्तच आहे' असं म्हणतो का? माझ्या आईला कुणी म्हणालं, "मृण्मयीचं अक्षर काय सुंदर आहे!" तर आई म्हणते, "कसलं हो, गणितात बघा जरा." मग समोरची काकू म्हणते, "छे छे, हुशारच आहे." आई पुन्हा नाही म्हणते. तिसऱ्यांदा काकूने म्हटलं की आई हसते आणि विषय संपतो. वाढतानाही तेच. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा ताट पुढे.

मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. एकदा नाही म्हणायचं. कोरआजोबा आग्रह करतील. मग मी मान डोलवीन. मैत्रिणीची बाजू घेतली असंही दिसणार नाही, आणि कप फेनाला!

"नाही हो, कसलं काय," मी डचमध्ये म्हणाले. "तिच्या हातून दोन चेंडू सुटले. ब्रॅमच जास्त चांगला."

कोरआजोबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझं स्कोअरबुक ओढून घेतलं. "चौथी इनिंग... हं. आणि सहावी. खरंच की! माझ्या लक्षातच नाही आलं."

मी वाट बघत होते. आता म्हणतील, 'छे छे.'

"बरं झालं सांगितलंस," कोरआजोबा म्हणाले. "तू तिला वर्षभर बघतेयस, तुला जास्त माहीत. ब्रॅम."

"ब्रॅम," आन्स म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढलं.

"पण ती चांगली खेळते," मी म्हणाले.

"खेळतेच," आन्स लिहिता लिहिता म्हणाली.

"म्हणजे, खूपच चांगली."

"हो ना."

"म्हणजे मला म्हणायचं होतं की..."

आन्सने माझ्या हातावर हात ठेवला. "तुला वाईट वाटतंय, मला कळतंय. मैत्रीण आहे तुझी. पण खरं बोलायला धाडस लागतं."

माझ्या धाडसाबद्दल कुणी बोलायची ही आयुष्यातली पहिली वेळ. नेमकी हीच!

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बक्षीस समारंभात आन्सने माइक हातात घेतला. ब्रॅमचं नाव जाहीर केलं. आणि मग म्हणाली, "एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्यात मतभेद होता. तो मिटवला यजमान संघाच्या स्कोअररने. म्रिन... म्रिनमाय! स्वतःच्या मैत्रिणीच्या चुका तिने स्वतः दाखवून दिल्या. असा प्रामाणिकपणा आजकाल कुठे दिसतो?"

टाळ्या! माझ्यासाठी! ब्रॅमपेक्षा जास्त! कोरआजोबा तर उभे राहिले. फेना चिखलाने माखलेल्या पॅडमध्ये तशीच बसली होती. तिने मात्र टाळी वाजवली नाही.

सायकली लावायच्या जागी मी तिला गाठलं.

"तुला खरंच ब्रॅम चांगला वाटला?" तिने सरळ विचारलं.

"नाही! मला तूच हवी होतीस."

"मग ब्रॅम का म्हणालीस?"

"आमच्याकडे आपल्या माणसाची स्तुती आपण करत नाही. आधी नाही म्हणायचं असतं. मग समोरच्याने आग्रह करायचा असतो."

"समोरच्याने म्हणजे कोरने?"

"हो."

"हे कोरला माहीत होतं?"

मी चष्मा पुसायला लागले.

फेना कितीतरी वेळ कुलपाशी खटपट करत राहिली. "आमच्याकडे आधी आपली माणसं आपल्या बाजूने बोलतात," शेवटी ती म्हणाली. "मग बाकीचे." ती रागावली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. तिने नुसती सायकल बाहेर काढली. थोडी पुढे गेली. आणि थांबली.

"शनिवारी दहाला निघतोय आम्ही," ती म्हणाली. "जायच्या आधी तुझ्याकडे येऊ का? निरोप घ्यायला?"

एवढं सगळं होऊनही ती येणार होती! आणि सामान बांधायच्या घाईत ही बिचारी माझ्यासाठी सायकल मारत येणार!

"अगं नको, नको," मी म्हणाले. "तुझी उगाच धावपळ होईल."

"ओके," फेना म्हणाली, आणि गेली.

शनिवारी मी सकाळी आठपासून खिडकीत उभी होते. साडेदहाला आईने मला तिथून हलवलं. खरं सांगते, त्या दिवशी सायकलींपाशी मी धडा शिकलेच होते. तिने दुसऱ्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं, तिसऱ्यांदापर्यंत थांबायचंच नाही, एवढी सुधारणा मी स्वतःत केली होती.