रशीदभाईंच्या दुकानातलं भंगार

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. माळ्यावरचं भंगार आणि किस्से! भंगार निदान झटकून ठेवता येतं. किस्से मात्र एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर पडतात.

नाशिकला भद्रकालीजवळ रशीदभाईंचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात मी तिथं मेकॅनिक म्हणून लागलो. कॉइल गुंडाळायला कुसुमताई होत्या. एवढाच आमचा स्टाफ! 'ई-कचरा' हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. कचरा मात्र होता.

*

एक रिटायर्ड हेडक्लार्क भलाथोरला लाकडी रेडिओ घेऊन आले. "मेलाय हा. मुलानं ट्रान्झिस्टर आणलाय. हा फेकून द्या."

रशीदभाईंनी मागचं झाकण उघडलं. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं आणि एक रेझिस्टर जळालेला. माती काढली, रेझिस्टर बदलला. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागलं आणि बातम्या सुरू!

हेडक्लार्क थक्क. "मग सहा महिने गप्प का होता? मी रोज त्याच्या डोक्यावर थापा मारत होतो!"

रशीदभाई म्हणाले, "थापाच मारल्या ना साहेब. काय झालं, ते कुणी विचारलंच नाही!"

*

दुकानामागच्या मोकळ्या जागेत नामदेव भंगारवाला जुन्या वायरी जाळून तांबं काढायचा. काळा, उग्र धूर! शेजारचं तान्हं बाळ खोकून खोकून निळं पडायचं. सांगून झालं, भांडून झालं. एक दिवस कुसुमताई उठल्या आणि थेट त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"नामदेव, तू तांबं विकतोस की धूर? लाव शर्यत! एक बंडल तू जाळ, एक मी सोलते."

ताईंनी लाकडाच्या फळीत ब्लेड ठोकलं, वायर त्यावरून खेचली. सर्रकन साल वेगळी, तांबं वेगळं! नामदेवची आग विझून वायर गार होईपर्यंत ताईंचं बंडल सोलून संपलेलं आणि तांबं सोन्यासारखं चमकत होतं. त्याचं मात्र काळंकुट्ट.

चार दिवसांनी नामदेव स्वतःच दोन फळ्यांत ब्लेड ठोकून घेऊन आला. "ताई, जाळणं बंद! काल बायकोनं मला आंघोळीच्या आधीच ओळखलं!"

*

पेठकडच्या एका पाड्यावरचे गुरुजी शाळेच्या ट्रान्झिस्टरसाठी सेल न्यायला यायचे. एकदा कौतुकानं म्हणाले, "जुने सेल आम्ही वाया घालवत नाही. पोरं फोडतात आणि आतल्या काळ्या भुकटीनं फळा रंगवतात."

रशीदभाईंचा चेहराच उतरला. "आणि त्याच हातांनी भाकरी खातात?"

त्या दिवसापासून दुकानाचा नियम ठरला, जुने सेल आणा, तरच नवे मिळतील. गुरुजी पाड्यापाड्यांवरचे गोळा करून एसटीनं पोतं आणायला लागले. पण टाकायचे कुठं? रशीदभाईंनी तांबट आळीतल्या एका कारागिराला गाठलं. सेलचं जस्त आणि नामदेवचं तांबं, झालं पितळ! त्यातून शाळेसाठी घंटा ओतली. भुकटी मात्र डब्यात सीलबंद होऊन आमच्याच माळ्यावर गेली.

पुढच्या खेपेला गुरुजी छाती काढूनच आत शिरले. "रशीदभाई, रेडिओ शाळेच्या बाहेर ऐकू जात नव्हता. घंटा तीन पाड्यांना जाते!"

*

पुढं ऐंशीच्या दशकात घरोघरी टीव्ही आले आणि लवकरच बंदही पडायला लागले. कुणीतरी मेलेली पिक्चर ट्यूब कोपऱ्यावर आणून ठेवली. पोरं दगड घेऊन तयारच! ट्यूबच्या आत हवाच नसते; फुटली तर काचा थेट डोळ्यांत.

मी ओरडलो, "अरे, बॉम्ब आहे तो, बॉम्ब!"

पोरं पळाली. पण पाच मिनिटांत हवालदार हजर! आता त्यांना काय सांगणार? रशीदभाईंनी शांतपणे ट्यूबवर ओलं पोतं टाकलं आणि मागची टोकाची काच पक्कडीनं अलगद चिमटली. सूऽऽऽ! हवालदारसाहेब पालथे!

"उठा साहेब, आत हवा गेली. माणूस जाताना श्वास सोडतो, हा बॉम्ब जाताना घेतो!"

ती काच मात्र कुठं टाकायची, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

*

मालेगावहून यंत्रमागावरचे एक कारागीर, युसूफमियाँ, नऊ वर्षांच्या लेकीला, सलमाला, घेऊन आले. तिला अगदी कमी ऐकू यायचं. ओठ पाहून थोडं समजायचं, थोडं बोलायची. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलं होतं, पण ते परवडणारं नव्हतं. शाळेनंही पटावरून नाव काढून टाकलं होतं.

कुसुमताई माळ्यावर चढल्या. मोडक्या टेपरेकॉर्डरचा माइक, तीन मेलेल्या ट्रान्झिस्टरांमधले जिवंत भाग, एक इअरफोन. पंधरा दिवस आम्ही तिघं त्याच्यामागे लागलो. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा शिट्टी. तिसऱ्यांदा सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि बापलेकीला बोलावलं.

ताईंनी इअरफोन सलमाच्या कानात घातला, डबी तिच्या गळ्यात अडकवली आणि हळूहळू बटण फिरवलं. दुकानातले सगळे रेडिओ आम्ही बंद केले होते. सलमा आमच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काहीच नाही.

युसूफमियाँ वाकले आणि रोजच्यासारखं तिच्या कानाजवळ जाऊन गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "सलमाऽऽ! सुनाई देता क्या?"

पोरगी दचकून दोन पावलं मागं सरकली. कानावर हात ठेवून बापाकडे रागानं बघत म्हणाली,

"अब्बा, इत्ता चिल्लाते कायको?"