वखारीत ठेवलेल्या काठ्या

"थोरल्या बंधूंच्या उतावळेपणामुळे त्या दिवशी सभेत काठ्या चालल्या, आणि त्याही आपल्याच. मधला, विचारी माणूस बिचकला. तालुक्यात पाय रोवण्याची पक्षाची संधी तिथेच संपली."

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या शोकसभेत पक्षाच्या जुन्या चिटणीसांनी हे उद्गार काढले, आणि सभेने माना डोलावल्या. मेलेला माणूस उत्तर देत नाही. माझ्या भावाला तर जिवंतपणीही ते देता आले नाही, कारण त्या दिवसानंतर त्याची वाचाच गेली. उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी ते आनंदाने करतो.

बहात्तरच्या निवडणुकीचे दिवस होते आणि नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या आमच्या रानांत गवताची काडी उरली नव्हती. आमच्या पक्षाची माणसे म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणारे कोरडवाहू शेतकरी. भावाचे म्हणणे सरळ होते: ही माणसे चिडलेली आहेत, त्यांना एकत्र उभे करा, बाकीचे आपोआप येतील. चिटणीसांना बाजारपेठ हवी होती. पेठेतला एक आडत्या आमच्या व्यासपीठावर बसायला तयार झाला होता. त्याच्या शब्दावर निम्मी पेठ हलते, असे चिटणीस पुन्हापुन्हा सांगत. आडत्याची अट एकच होती. खडीवाल्यांनी हातात काठी घेऊन सभेला यायचे नाही.

आमच्या भागात माणूस चेहऱ्याआधी काठीवरून ओळखतात. कुणाच्या काठीला लोखंडी कडी, कुणाच्या काठीवर कोरलेली रेघ. भावाची काठी वडिलांची होती. मारण्याच्या टोकाशी ती चिरली, तेव्हा वडिलांनी तिथे तांब्याची तार घट्ट गुंडाळली होती.

"साहेब," भाऊ चिटणीसांना म्हणाला, "काठी ठिवून बाजारात जायाचं म्हंजी पेठंतल्या कुत्र्याला काय भाषण द्यायचं का?"

"तुम्ही हसवू नका हो. काठी दिसली की मधला माणूस पळतो."

"पळू द्या की. आपली मान्सं तर राहत्याल?"

"आपली कुठे जातात? ती आपलीच आहेत."

या शेवटच्या वाक्यावर आमचा पक्ष बुडाला, असे माझे ठाम मत आहे. आपली माणसे आपलीच म्हणून त्यांना गृहीत धरायचे आणि परक्याच्या दारात वाकायचे, हीच चिटणीसांची नीती होती.

सभेआधी काठ्यांचा भारा आडत्याच्या वखारीत गेला. भावाने स्वतःची काठी सर्वांत वर ठेवली. आडत्याने कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. "तुमची अमानत हाय. काळजी करू नगा," असे तो हसत म्हणाला. सभा सुरू झाली तेव्हा मात्र व्यासपीठावरची त्याची खुर्ची रिकामी होती.

चिटणीस संयमावर बोलत असताना काठ्या घेतलेली माणसे वखारीच्या बोळातून आली. पहिला घाव पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावर बसला. त्याचा जबडा एका बाजूला लोंबला आणि तो आवाज न करता आडवा झाला. मागोमाग काठ्या अशा पडू लागल्या की जणू खळ्यावर कणसे झोडपत होते. बायका मुलांवर पालथ्या पडल्या, त्यांच्या पाठी फुटल्या. "मारू नगा, आमी मोकळ्या हाती हाय!" असे ओरडणाऱ्या एकाची बोटे मी चेंगरलेली पाहिली. मी दगड उचलला आणि समोरच्याच्या तोंडावर घातला. त्याचे दात माझ्या पायाशी पडले. त्याचा मला आजही खेद नाही. चिटणीस व्यासपीठामागे होते. मी त्यांना पाहिले, आणि मी पाहिले हे त्यांनीही पाहिले.

भाऊ त्या म्हाताऱ्याला उचलायला वाकला होता. त्याच वेळी मागून घाव आला. तो आवाज मी विसरलेलो नाही, आणि तो कसा होता हे मी लिहिणार नाही.

पोलीस आले तेव्हा मारणारे निघून गेले होते आणि रक्ताने माखलेल्या काठ्या जमिनीवर पडल्या होत्या. त्यांवरच्या खुणा आमच्या होत्या. खटला आमच्याच माणसांवर झाला. "कुलूप कुणी तोडलं, ठाऊक न्हाई," अशी जबानी आडत्याने दिली, आणि चिटणीसांनी ती खरी मानली. कारण ती खोटी मानली असती तर त्यांची सगळी नीती खोटी ठरली असती. मतदानाच्या दिवशी पेठ आडत्यामागे विरोधी पक्षाकडे गेली आणि खडीवाले घरी बसले.

चिटणीस म्हणतात, काठ्या आमच्या होत्या. होत्याच. ते म्हणतात, माझ्या भावाने त्या वखारीतून काढून चालवल्या. तर मग त्यांनी एवढेच ऐकावे: नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या भावाच्या डोक्यामागच्या जखमेतून जो तुकडा काढला, तो वडिलांनी गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचा होता.