पडता काळ आणि सहा सेल

प्रत्येक थोर कलावंताच्या आयुष्यात एक पडता काळ येतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे घाई. हे वाक्य माझे नाही. ते महाडच्या एका होमिओपॅथिक डॉक्टरांच्या दोनशे पानी वहीत पहिल्याच पानावर, लाल शाईने अधोरेखित केलेले होते, आणि आठ वर्षे मी ते खरे मानत होतो. ज्या कलावंतांविषयी ते लिहिले होते, त्यांना महाड कुठे आहे हे माहीत नव्हते. आम्हालाही त्यांच्याविषयी फारसे माहीत नव्हते, पण त्यामुळे आमचे काही अडत नसे.

कलावंत म्हणजे एक विलायती बँड. ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात तसला. एकेक गाणे कॅसेटची अख्खी बाजू खाणार, मध्येच बासरी, मध्येच चर्चमधल्यासारखा ऑर्गन, आणि ठेका असा की पाय हलवायला गेलात तर पाय चुकणार. डॉक्टर पुण्यात शिकत असताना त्यांना हा नाद लागला. येताना त्यांनी बँडचे सुरुवातीचे चार अल्बम कॅसेटवर भरून आणले. भरून देणाऱ्या दुकानदाराने वरच्या कागदावर बँडचे नाव आणि आकडा एवढेच लिहिले होते. गाणारा कोण, वाजवणारा कोण, काही नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाडात हे विचारायचे कोणाला?

डॉक्टरांकडे कॅसेटी होत्या, पण त्या वाजवायला काही नव्हते. रेडिओ-टेपचा टू-इन-वन होता माझ्या मित्राकडे. मित्र वर डोंगरातल्या कुडपणचा. महाडच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षे एका बाकावर बसलो होतो. त्याचा भाऊ मुंबईला नोकरीला होता आणि त्याने घरी हा टू-इन-वन पाठवला होता, दोन स्पीकरचा, सहा मोठे सेल लागणारा. मित्राच्या वस्तीवर तेव्हा वीज नव्हती. म्हणून रविवारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर आणि मी पोलादपूरपर्यंत एसटीने, पुढे मिळेल त्या गाडीने आणि शेवटी पायी चढून कुडपणला जायचो. डॉक्टर कॅसेटी शबनममध्ये घालून छातीशी धरून चढत. वाटेत कोणी काय आहे विचारले, तर "संगीत" म्हणत. उतरताना एक कॅसेट पुढच्या रविवारपर्यंत मित्राकडे राहायची, टू-इन-वनचे भाडे म्हणून.

मित्राच्या घराच्या पडवीत आम्ही बसायचो. सेल कौलांवर उन्हात ठेवलेले असायचे. उन्हात ठेवले की थकलेल्या सेलमध्ये थोडा जीव येतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होते. मित्र ते काढून आणायचा, पंच्याने पुसायचा, भरायचा आणि बटण दाबायचा. मग तो आवाज यायचा. जड, खोल, एखाद्या विहिरीतून कोणी आपले दुःख सांगत असल्यासारखा. डॉक्टर डोळे मिटायचे. मीही मिटायचो, कारण डॉक्टरांनी मिटलेले असत.

मित्राची आई एकदा भाकऱ्या थापता थापता थांबली. "ह्या मान्साला बरं नाय का रे?"

"ते दुःख आहे, आई," डॉक्टर म्हणाले.

"औषध द्या मग," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

मोठे गाणे सुरू झाले की मित्र घड्याळ बघायचा. गाणे संपले की म्हशी पाण्यावर न्यायच्या, असा त्याचा नेम होता. कॅसेटच्या कागदावर त्याने पेनने लिहूनही ठेवले होते: 'तेवीस मिनिटं, मग म्हशी.' डॉक्टरांना ते आवडले नव्हते. पवित्र वस्तूवर म्हशींचा उल्लेख नको, असे त्यांचे मत होते. पण टू-इन-वन त्याचा असल्याने ते काही बोलले नाहीत.

दोन उन्हाळे असे गेले. मग मित्राला आणि मला महाडच्या एमआयडीसीत नोकऱ्या लागल्या. तो एका कारखान्यात बॉयलरवर, मी दुसऱ्यात नमुने तपासणारा केमिस्ट. त्याने महाडात खोली घेतली आणि टू-इन-वन खाली आणला. खोलीत वीज होती. त्याच पावसाळ्यात डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या चारही कॅसेटींना बुरशी लागली. पट्टीवर पांढरे डाग पडले आणि त्या वाजेनाशा झाल्या. डॉक्टरांनी त्या टाकल्या नाहीत. कपाटात तशाच ठेवल्या, पुढे एक छोटा दिवा लावून. त्या दिवसापासून बँडचा सुवर्णकाळ फक्त आमच्या डोक्यात उरला, आणि डोक्यातल्या संगीताला बुरशी लागत नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी बँडचे नंतरचे तीन अल्बम भरून आणले. मित्राच्या खोलीवर, प्लग लावून, आम्ही ते ऐकले. गाणी चार-चार मिनिटांची. ठेका चटपटीत. आणि गाणारा कोणी भलताच, चिरक्या आवाजाचा, लोकल पकडायला निघाल्यासारखा.

"गायक बदलला," डॉक्टर म्हणाले. मग कॅसेट बाहेर काढून, "संपलं."

त्याच संध्याकाळी वहीतले ते पहिले वाक्य लिहिले गेले. पुढची कित्येक पाने दोन गायकांची तुलना होती: पहिला खोल, दुसरा उथळ, पहिला थांबतो, दुसरा धावतो. मी ती वाचून मान डोलावली. मला वाचनाचा नाद होता, आणि लिहिलेले वाक्य तालात असले की मला ते खरे वाटायचे.

फक्त मित्र म्हणाला, "मला तर ही गाणी बरी वाटतात. लहान हायत म्हणून वाईट कशी?"

"प्रश्न लांबीचा नाही," डॉक्टर म्हणाले. "खोलीचा आहे."

"आवाज तर..." मित्र काही सांगू लागला.

आणि मी म्हणालो, "राहू दे रे. शिमग्याच्या ढोलापलीकडे तुला काय कळणार?"

डॉक्टर हसले. मीही हसलो. मित्र हसला नाही. त्याने टू-इन-वनचा प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाला, "मला ड्यूटी हाय." त्या दिवशी त्याची सुट्टी होती. नव्या तीन कॅसेटी त्याच्याच खोलीवर राहिल्या; डॉक्टरांना त्या नकोच होत्या. ज्याच्या पडवीत दोन उन्हाळे बसून मी त्याच्या आईच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या, त्याला मी हे बोललो होतो. हे मला त्याच रात्री कळले. सांगायला मात्र मला आठ वर्षे लागली.

आठ वर्षांत आम्ही भांडलो नाही. ते जास्त वाईट होते. स्टँडवर भेटलो तर तो "काय, बरं?" म्हणायचा आणि मी "बरं" म्हणायचो. एकदा महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर समोरासमोर आलो. त्याचे गुडघे दुखत होते, माझी पाठ. दोघे पाण्यात पाय सोडून बसलो.

"गरम हाय," तो म्हणाला.

"गरमच असतं," मी म्हणालो.

एवढे बोलून आम्ही पाय पुसले. पुढे वडील थकले म्हणून त्याने नोकरी सोडली आणि तो गुरे बघायला कुडपणला परत गेला. मला त्याची माफी मागायची होती आणि तो रविवारी परत यायला हवा होता. डॉक्टरांची वही एकट्याने ऐकणे म्हणजे व्याख्यानाला एकट्याने बसण्यासारखे होते.

दोन हजारनंतर दोन-तीन वर्षांत महाडात सायबर कॅफे निघाला. तिथे बसून मी एकदा बँडचे नाव टाकले. जगभरचे चाहते त्याच तीन नंतरच्या अल्बमांवर तावातावाने भांडत होते. वीस वर्षे त्यांना नावे ठेवणारे आता लिहीत होते की आमचे चुकले, पुन्हा ऐका. मी हे डॉक्टरांना सांगितले.

"लोक म्हातारे झाले की दयाळू होतात," डॉक्टर म्हणाले. "ते समीक्षण नव्हे."

पण मला निमित्त मिळाले. कंपनीच्या कामासाठी मुंबईला गेलो तेव्हा जुन्या नव्या दोन्ही काळांच्या सीडी शोधून आणल्या. आधी जुनी लावली, कारण आधी सुवर्णकाळात जावे आणि मग दयाळू व्हावे असा बेत होता.

गाणे सुरू झाले आणि मला वाटले सीडी बिघडली आहे. ठेका चटपटीत होता. आणि तो विहिरीतला, दुःखी, खोल माणूस लोकल पकडायला निघाला होता.

गाणे एकोणीस मिनिटांत संपले. मी दवाखान्यात जाऊन काचेच्या कपाटातल्या कॅसेटचा कागद बघितला. 'तेवीस मिनिटं, मग म्हशी.'

"काटछाट केलेली आवृत्ती दिसते," डॉक्टर म्हणाले.

मी दिवसभर नमुने तपासायचो. एकाच नमुन्याचे दोन वेगळे आकडे आले, तर आधी मशीन तपासायचे, नमुना नव्हे, हे कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. उन्हात ठेवून ठेवून थकलेल्या सहा सेलवर टेप हळू फिरतो, आणि हळू फिरला की आवाज खाली उतरतो, हे कळायला मला दहा वर्षे आणि एक सीडी लागली. सीडीतल्या पुस्तिकेत नावे छापलेली होती. दोन्ही काळांत गायक एकच होता. तो कधीच बदलला नव्हता.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वही उघडून पाने चाळली. मग म्हणाले, "याला विकास म्हणता येईल."

पुढच्या रविवारी मी एकटाच कुडपणला गेलो. आता वस्तीवर वीज आली होती. मित्र गोठ्यात शेण भरत होता. मला पाहून त्याने फावडे टेकवले.

"काय, बरं?"

"बरं नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी मी ढोलाचं बोललो ते चुकलं माझं. तेव्हाच चुकलं होतं." आणि तो काही म्हणायच्या आत, भीतीने, सेलचे, तेवीस मिनिटांचे आणि गायकाचे सगळे सांगून टाकले.

त्याने हात पंच्याला पुसले. मग म्हणाला, "ते मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. नवे सेल आणले की आधी मी एकटाच ऐकायचो. तेव्हा तो बरोबर गायचा. सेल थकले की तुमच्यासाठी ठेवायचो."

"आमच्यासाठी थकलेले?"

"तुम्ही दोघं गाणं लागलं की बोलायला लागायचात. बोलण्यावर नवे सेल कशाला घालवू?"

पडवीतून त्याची आई बोलली, "म्हटलं होतं ना मी, त्या मान्साला बरं नाय."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"खोलीवर सांगणारच होतो. 'आवाज तर' म्हटलं, तेवढ्यात तू ढोल वाजवलास." त्याने फावडे उचलले. "मग म्हटलं, बसू दे ह्यांना त्यांच्या सेलवर."

त्याने दुसरे फावडे माझ्याकडे सरकवले. शेण भरून झाल्यावर आम्ही हात धुतले आणि त्याच्या आईने भाकरी वाढली. निघताना मी विचारले, "रविवारी येशील?"

"म्हशींचं बघून सांगतो," तो म्हणाला.

रविवारी डॉक्टर आणि मी दवाखान्याच्या खुर्च्यांवर बसून होतो. डॉक्टरांनी वहीचे नवे पान उघडून वर लाल शाईने 'पुनर्मूल्यांकन' लिहिले होते. दोन वाजले, अडीच झाले. मी तीनदा दाराशी जाऊन आलो. पावणेतीनला तो आला. पिशवीत आईने दिलेले तांदळाचे पापड आणि सहा नवे सेल होते.

"ह्याला सेल लागत नाहीत रे," मी सीडी प्लेयर दाखवत म्हणालो.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नवे आणायचे राहिले होते."

डॉक्टरांनी ते सेल काचेच्या कपाटात, बुरशीच्या कॅसेटींशेजारी ठेवले. मग नंतरच्या काळातला पहिला अल्बम लावला आणि डोळे मिटले. मित्राने मिटले नाहीत, म्हणून मीही मिटले नाहीत. कोणी बोलले नाही. आमच्या बैठकीत असे पहिल्यांदाच झाले.

चौथे गाणे संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे उमगायला वेळ लागेल."

"आठ वर्षं ऐकतोय, डॉक्टर," मित्र म्हणाला. "टाकाऊ हाय."

"मग इतकी वर्षं ऐकलं कशाला?"

"पाचवं चांगलं हाय. मागंपुढं करायचं बटण बिघडलेलं."

त्यानंतर तो रविवारी येत राहिला. म्हशी व्यायला आल्या असतील तेव्हा यायचा नाही, एरवी यायचा. तिन्ही अल्बम आम्ही एकेक करून, बरोबर वेगाने, शेवटपर्यंत ऐकले. डॉक्टरांनी वहीची बावीस पाने भरली. शेवटच्या पानावर तिघांच्या सहमतीने निष्कर्ष लिहिला आहे. एकूण सत्तावीस गाण्यांपैकी तीन चांगली आहेत. त्यांतल्या दोन गाण्यांत गायक नाही.